शस्त्र जपावे, कवायतही जपावी

(घोडबंदर रोड येथील व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्या रस्त्याला नाव देणारा घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. शस्त्र वा दुर्ग कोणी घडविला, यापेक्षा तो कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे. ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल मुळात ब्रिटिशांची. परंतु ती बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही घडली, आणि १९६२ मध्ये आपले जवान तीच घेऊन चिन्यांशी लढले.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या कवायतीत सैनिकाला तीनशे यार्डांवरील लक्ष्यावर मिनिटाला पंधरा गोळ्या नेमाने झाडाव्या लागत. बोल्ट ओढताना दस्ता खांद्यावरून ढळू द्यायचा नाही; दहा गोळ्या संपताच पाच-पाचच्या क्लिपने पुन्हा भरायच्या. ही विद्या केवळ ग्रंथवाचनाने येत नाही. ती गुरूकडूनच घ्यावी लागते.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० मध्ये या रायफलीला निरोप दिला. चालते शस्त्र हौसेखातर बाळगणे कायद्याला मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र दुरुस्तीनेही न चालणारी जुन्या धाटणीची शस्त्रे १९५९ च्या शस्त्र कायद्यातून वगळलेली आहेत. अशी निकामी केलेली शस्त्रे वस्तुसंग्रहालयांत यावीत आणि निवृत्त हवालदारांकडून मूळ कवायत तरुणांनी लाकडी रायफलींवर शिकून घ्यावी. शिकविणारे आहेत, तोवरच हे शक्य आहे.