कानातला दाखला

श्रोतेहो, वटवाघूळ उडते म्हणून त्याची गणना पक्ष्यांत आणि देवमासा पोहतो म्हणून त्याची माशांत करण्याची लौकिक रीत फार जुनी आहे. किंबहुना आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनेही आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत देवमाशाला माशांतच बसविले होते, आणि 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याची रवानगी सस्तन प्राण्यांच्या खात्यात केली. निवासस्थानावरून व पेहरावावरून नाते ठरत नाही. ते शोधावयाचे अशा ठिकाणी, जेथे उपजीविकेच्या सोयीसाठी तसे असण्याचे काहीच कारण नव्हते.

मानेचे मणके पाहा. जिराफाची मान पुरुषभर लांब, उंदराची बोटाच्या पेराएवढीही नाही, आणि देवमाशाची तर दृष्टीसच पडत नाही. तथापि तिघांच्याही मानेत मणके सातच. स्लॉथ आणि मॅनटी या मंडळींनी हा कायदा मोडला आहे खरा, पण इतक्या अफाट गोतावळ्यात एवढे बंडखोर निघायचेच.

याहून पक्का दाखला कानात आहे. माझा आवाज या क्षणी आपल्या कानाच्या पडद्यावरून आत जात आहे तो हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांच्या हस्ते. त्यांतील रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची. सरड्याच्या किंवा चिमणीच्या मध्यकर्णात असे एकच हाड असते. मग आपल्याकडे दोन अधिक आली कोठून? 1837 साली रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने डुकराचे गर्भ बारकाईने तपासून असे दाखविले, की सरड्यांच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा होतो, तीच आपल्यात हातोडी आणि ऐरण झाली आहेत. ऑपॉसमचे पिल्लू जन्मते तेव्हा ही हाडे अद्याप जबड्याला जोडलेलीच असतात. आणि वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गान्युकोडॉन या चिमुकल्या प्राण्याच्या अश्मीभूत कवटीत जुना सांधा व नवा सांधा दोन्ही शेजारी शेजारी सापडतात, म्हणजे जुन्याने कारभार सोडण्यापूर्वीच नव्याने तो हाती घेतला होता. चघळण्याच्या कामावरून निवृत्त झालेल्या हाडांची नेमणूक ऐकण्याच्या कामी व्हावी, अशी योजना कोणी मुद्दाम आखली असती असे मला वाटत नाही. म्हणूनच देवमासा, वटवाघूळ, हत्ती आणि आपण अशा सर्वांच्या कानी ती सारखीच आढळावी, याचा समान पूर्वजावाचून दुसरा उलगडा होत नाही.

ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसाचा खटला याच कसोटीवर पाहावा. बदकासारखी चोच, आणि 1884 साली खात्रीपूर्वक कळले ते हे, की तो अंडीही घालतो. पण त्याच्या अंगावर केस आहेत, मादी पिलांना दूध पाजते, आणि कानात हाडे तीन आहेत. अंड्यांचा आक्षेप त्यामुळे टिकला नाही, व प्लॅटिपस आजही सस्तन वर्गातच नोंदलेला आहे.