सहीच्या अगोदरचा वकील

वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाटहून आलेले वकीलमित्र आणि वकिलांच्या परिषदेत येऊन बसण्याचं धाडस केलेले जिनिंगवाले व कापसाचे व्यापारी,

वर्धा जिल्हा झाला १८६२ साली. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस अडकलेला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे डोळे लावून बसलेल्या. 'हिंगणघाट' हे नाव त्या काळात लिव्हरपूलच्या भावपत्रकात छापून येई. आपल्या काळ्या मातीतल्या मालाचा भाव तिथे ठरे आणि माल हलका निघाला की भांडणही तिथेच मिटे. आज आपली रुई बांगलादेशात जाते, व्हिएतनामला जाते. भांडण मात्र अजूनही लिव्हरपूललाच जातं. म्हणून 'आंतरराष्ट्रीय व्यापारी न्यायालयांचं सरतं वर्ष' हा विषय आयोजकांनी दिला, तेव्हा तो मला परका वाटला नाही.

वर्षाचा आढावा चटकन उरकतो. सिंगापूरचं आंतरराष्ट्रीय व्यापारी न्यायालय जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालं. २०२५ मध्ये त्याला दहा वर्षं पूर्ण झाली. तिथल्या न्यायपीठावर परदेशातले न्यायमूर्तीही बसतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्या. अर्जन कुमार सिक्री यांची २०१९ साली तिथे नेमणूक झाली. बहरीनने तर २०२४ मध्ये सिंगापूरशी करारच केला, की आमच्या नव्या व्यापारी न्यायालयाच्या निकालांवरची अपिलं ऐकण्याची सोय तुमच्याकडे असावी. एका सार्वभौम देशाने अपिलाचा दरवाजा दुसऱ्याच्या अंगणात उघडावा, ही साधी गोष्ट नाही. दुबई, दोहा, ॲमस्टरडॅम, शेन्झेन इथेही अशी न्यायालयं आहेत. त्यांची यादी वाचून दाखवत नाही.

एका निकालापाशी मात्र थांबणं भाग आहे. आपल्या देशात मालगाड्यांसाठी स्वतंत्र रेल्वेमार्ग बांधायला घेतले, त्यातल्या एका कंत्राटाचा हा वाद. २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमान वेतन वाढवलं, तो वाढीव बोजा कंत्राटदारांनी सोसायचा की काम देणाऱ्या कंपनीने? मजूर इथले, जमीन इथली, अधिसूचना दिल्लीची. पण करारात लवादाचं स्थान सिंगापूर लिहिलेलं. लवादाचे अध्यक्ष आपल्याकडचेच एक निवृत्त न्यायमूर्ती. अशाच स्वरूपाचे आणखी दोन वाद त्यांच्यापुढे चालले होते. निवाडा आला तो ४५१ परिच्छेदांचा, आणि त्यातले किमान २१२ परिच्छेद आधीच्या निवाड्यांतून उचललेले निघाले. या पक्षांनी न केलेले युक्तिवाद त्यात होते, दुसऱ्याच कराराच्या अटी होत्या. सिंगापूरच्या न्यायालयाने निवाडा रद्द केला आणि एप्रिल २०२५ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. जुन्या मसुद्यात नावं बदलून नवा मसुदा कसा तयार होतो, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. तिथे कोणीतरी बसून परिच्छेद मोजले, एवढंच. त्या वर्षातली मला दिसलेली खरी प्रगती ती.

कायद्याच्या बाबतीत आपण मागे नाही. आपला व्यापारी न्यायालयांचा कायदाही २०१५ चाच. दाव्याची किमान रक्कम आधी १ कोटी होती, २०१८ मध्ये ती ३ लाखांवर आली. कैफियतीला कमाल १२० दिवस. त्यापुढे न्यायालयालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तातडीच्या हुकुमाची गरज नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, हे २०२२ मध्ये. खटल्याचं वेळापत्रक सुरुवातीलाच ठरवून द्यावं, असंही कायदाच म्हणतो. ते वेळापत्रक खातो कोण? 'मुदत मिळावी' हा अर्ज न्यायाधीश लिहीत नाहीत, आपण लिहितो.

आता कापसाकडे वळतो. निर्यातीचा सौदा बहुधा एका पानात मावतो. वर रुईची लांबी २९ मिलिमीटर, तंतूच्या जाडीचं माप म्हणजे मायक्रोनेअर ३.७ ते ४.५; मग गाठींची संख्या, पाउंडाला अमेरिकन सेंटांत भाव, माल चट्टग्राम बंदरात पोच. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ: इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन, लिव्हरपूल, यांचे नियम आणि लवाद लागू. दलाल हे पान व्हॉट्सॲपवर पाठवतो, मालक भावाचा आकडा बघतो, सही करतो आणि फोटो काढून परत पाठवतो.

त्या ओळीत काय सामावलेलं असतं ते ऐका. कायदा इंग्लंडचा. सुनावणी बहुतेक वेळा फक्त कागदपत्रांवर. आणि कोणी सौदा मोडला, तर तो नुसता रद्द होत नाही. ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक काढून तो चुकता करावा लागतो. मार्च २०११ मध्ये कापूस पाउंडाला २ डॉलरच्या वर गेला होता. वर्ष संपेपर्यंत तो निम्म्याच्याही खाली आला. आपली १७० किलोची गाठ म्हणजे सुमारे ३७५ पाउंड. हजार गाठी आणि पाउंडामागे ५० सेंटांचा फरक धरला, तरी हिशेब १ लाख ८७ हजार डॉलरच्या घरात जातो. लहान जिनिंगचं कंबरडं मोडायला तेवढं पुरे.

नोटिसा इंग्रजीत, ईमेलवर येतात. उत्तर गेलं नाही की निवाडा एकतर्फी. मग पक्षकार निवाड्याची प्रत घेऊन आपल्या ऑफिसात येतो, आणि त्या वेळी वर्ध्याच्या वकिलाच्या हातात काय असतं? जवळपास काही नाही. लवाद कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर परदेशी निवाड्याची अंमलबजावणी जिल्हा न्यायालयात होतच नाही. प्रकरण थेट नागपूर खंडपीठात. कलम ४८ खालच्या हरकती मोजक्या, आणि 'खालची ओळ वाचली नव्हती' ही त्यांत नाही. या सबंध प्रकरणात आपला उपयोग होऊ शकतो तो सहीच्या अगोदर. नेमका तेव्हाच आपल्याला कोणी बोलावत नाही.

एका कलमाने काय साधतं, त्याचा दाखला नाफेड या सहकारी पणन महासंघाच्या खटल्यात आहे. १९८० साली एका परदेशी कंपनीला ५,००० टन शेंगदाणा द्यायचं ठरलं. १,९०० टन गेला. उरलेल्याला सरकारने परवानगी दिली नाही. लंडनच्या लवादाचा निवाडा नाफेडच्या विरोधात गेला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी नाकारली, कारण निर्यातबंदी आली तर न पाठवलेल्या मालापुरता करार रद्द, असं कलम करारातच होतं. त्या निकालावर टीका झाली, आणि चाळीस वर्षांनी हाती आलेल्या विजयाचं मलाही फार कौतुक नाही. पण ते कलम नसतं तर? एप्रिल २०१० आणि मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यातही सरकारने अशीच अचानक थांबवली होती. पुन्हा तसं होणार नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

वर्ध्यातल्या भाषणात गांधीजी येणारच. मी त्यांना वकील म्हणून आणतो. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्लांच्या व्यापारी दाव्यासाठी, रक्कम ४०,००० पौंड. दोन्ही बाजूंना त्यांनी लवादाला राजी केलं, दादा अब्दुल्ला जिंकले. आपण सगळे इथवरच सांगतो. पुढचं अधिक महत्त्वाचं: सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च एकरकमी मागितला असता, तर प्रतिपक्षाच्या तय्यब शेटचं दिवाळं निघालं असतं. गांधीजींनी आपल्याच अशिलाला हप्ते मान्य करायला लावले, आणि लवाद पटवण्यापेक्षा हे जड गेलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. निवाडा मिळवणं आणि पैसे मिळवणं यांतलं अंतर त्यांना पहिल्याच मोठ्या कामात कळलं.

दुपारच्या सत्रात निर्यात सौद्याच्या नमुना कलमांचा मसुदा चर्चेला येईल. मराठीत आहे, एका पानाचा आहे. निर्यातबंदीचं कलम त्यात घातलं आहे, नोटिशीसाठी मालकाबरोबर वकिलाचाही ईमेल पत्ता घातला आहे. लवादाचं स्थान मुंबई सुचवलंय. परदेशी खरेदीदार ते सहज मान्य करणार नाही, हे व्यापारी मला सांगून चुकले आहेत. मग निदान कोणत्या भावाला लिव्हरपूल मान्य करायचं आणि कोणत्या भावाला नाही, एवढं तरी घासाघिशीत आणता येईल. काही मित्रांना मुंबईऐवजी नागपूर हवं आहे. माझं मत मुंबईच्या बाजूने आहे, पण जेवण झाल्यावर त्यावर मनसोक्त भांडू.