आरशातलं ऊन

‘कागज के फूल’मधला तो प्रसंग आठवतोय? अंधाऱ्या, ओस स्टुडिओत वरून उन्हाचा एक जाडजूड झोत उतरतो आणि गुरुदत्त, वहिदा रहमान समोरासमोर उभे असतात. हा झोत दिव्यांचा नव्हता बरं का! छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं खरं ऊन आरशावर झेललं आणि दुसऱ्या आरशावरून परतवत आत आणलं.

मूर्ती मूळचे म्हैसूरचे. दिग्दर्शक गुरुदत्त यांच्या ‘बाजी’च्या वेळी ते नुसते साहाय्यक. आरशाचा खेळ असलेला एक अवघड शॉट त्यांनी सुचवला, घेऊनही दाखवला, आणि ‘जाल’पासून गुरुदत्त यांचा कॅमेरा त्यांच्याच हाती आला. १९५९चा ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तिकीटबारीवर तो सपशेल पडला. छायालेखनाला मात्र फिल्मफेअर मिळालं, आणि ते योग्यच झालं. छायालेखक-दिग्दर्शक गोविंद निहलानी मूर्तींच्याच हाताखाली तयार झाले. पुढे श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मधून मूर्तींचा कॅमेरा दूरदर्शनवरही पोहोचला.

२००८चा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. एखाद्या छायालेखकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.