भिंतीवरून कागदावर



साधन बदलले म्हणजे कलावंताचे काय होते, हा प्रश्न आज संगणकाने पुन्हा उभा केला आहे. हवे ते चित्र शब्दांत सांगावे आणि यंत्राने ते क्षणात काढून द्यावे, असे दिवस आले आहेत. उत्तरासाठी फार दूर जावयास नको. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर अशी उलथापालथ पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे.

वारली चित्र हे मूळचे लग्नघराच्या भिंतीवरचे. सारवलेल्या कुडावर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहावा, तेव्हाच लग्न लागावे, अशी रीत. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की तीच कुंचली. हे चित्र विकावयाचे नसे, आणि लिहिणारीचे नावही कोणी विचारीत नसे.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी येथे कागद आणि रंग घेऊन आले. १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावी जन्मलेले आणि पुढे डहाणूतील गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागद जवळ केला. चौकाची बंधने सुटली. कोळ्याचे जाळे, मुंग्यांची रांग, भाताची लावणी हे सारे त्यावर उतरले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला, १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात लागली आणि २०११ साली ते पद्मश्री झाले. २०१८ साली ते निवर्तले. साधन त्यांनी परके घेतले. सांगावयाचे ते मात्र स्वतःच्या शेतातले आणि रानातलेच ठेवले.

परंतु या लाभाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भिंतीवरची कला स्त्रियांची होती; कागदावरची कीर्ती प्रथम बहुतांशी पुरुषांच्या वाट्यास आली. याच कुलकर्णींनी त्यापूर्वी मिथिलेत कागद नेला होता, आणि तेथे सीतादेवी, गंगादेवी यांची नावे सर्वतोमुखी झाली. कागद दोन्हीकडे एकच. फळ मात्र वेगळे. तेव्हा नवे साधन कोणाला उभे करील आणि कोणाला मागे सारील, हे साधन ठरवीत नाही. ते कोणाच्या हाती पडते आणि बाजार कोणाचे नाव विचारतो, यावर ते ठरते.

आज वारली आकृती साड्यांवर, पेल्यांवर छापून निघतात. २०१४ साली या कलेस भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले, तरी दोन त्रिकोण जोडून माणूस काढणे यंत्रास अवघड नाही. मात्र तारप्याच्या नाचात वाजविणाऱ्याकडे कोणी पाठ फिरवीत नाही, हे ज्याने रात्रभर फेर धरला आहे त्यास शिकवावे लागत नाही. तरुण वारली चित्रकारांनी यंत्रास भ्यावे असे मला वाटत नाही. आपले हे जाणतेपण मात्र त्यांनी ढळू देऊ नये.

आणि आपण शहरवासीयांनी? दिवाणखान्यात वारली चित्र लावताना ते कोणी काढले, कोणत्या पाड्यावर काढले, एवढे तरी विचारावे. आणि काढणारी स्त्री असेल, तर तिचे नाव आवर्जून लिहून घ्यावे.