सामूहिक हस्तकला आणि विकास : चेन्नईच्या चोळमंडलचा अनुभव



हस्तकलांच्या विकासाविषयी आपण बोलतो तेव्हा चर्चा बहुधा प्रशिक्षण, कर्ज आणि बाजारपेठ या तीन मुद्द्यांभोवती फिरते. हे तिन्ही आवश्यकच आहेत. परंतु कारागीर ज्या जागी एकत्र बसून काम करतात, त्या जागेचा आणि त्या एकत्र बसण्याचा विचार नियोजनात क्वचितच होतो. चेन्नईतील एका अनुभवाच्या आधारे हाच मुद्दा मला आज मांडावयाचा आहे.

मद्रासमधील कलाशिक्षणाची परंपरा जुनी आहे. डॉ. अलेक्झांडर हंटर या शल्यचिकित्सकाने १८५० मध्ये तेथे कलाशाळा सुरू केली. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय त्यानंतर सात वर्षांनी स्थापन झाले. मद्रासच्या या शाळेचे पुढे शासकीय महाविद्यालय झाले. १९६० च्या दशकात त्याचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांच्यापुढे एक साधा पण बिकट प्रश्न होता. येथून बाहेर पडणाऱ्या तरुण चित्रकारांनी उदरनिर्वाह कसा करावा? चित्रांना गिऱ्हाईक मोजके होते आणि पूर्णवेळ नोकरी धरली, की चित्रकला मागे पडत होती.

त्यांनी उत्तर शोधले ते हस्तकलेत. चित्रकार व शिल्पकारांनी आपली संघटना उभारली, एकत्र बसून बाटिकसारख्या वस्तू बनविल्या आणि त्या विकल्या. या मिळकतीतून शहराबाहेर इंजंबाक्कम येथे समुद्रकिनाऱ्यालगत सुमारे १० एकर जमीन घेण्यात आली व १९६६ मध्ये 'चोळमंडल' हे कलाग्राम वसले. राहती घरे, कार्यशाळा आणि प्रदर्शन दालन हळूहळू उभे राहिले. १९७७ मध्ये पणिक्कर यांचे निधन झाले; तरीही ग्राम टिकले आणि २००९ मध्ये तेथे समकालीन कलेचे संग्रहालय सुरू झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, हस्तकलेच्या नियमित उत्पन्नाने चित्रकलेची जोखीम पेलली. त्यामुळे बाजाराच्या रुचीनुसार चित्रे बदलण्याची सक्ती राहिली नाही. दुसरी, एकट्याला न परवडणारी साधने व विक्रीची जागा सर्वांना मिळून परवडली. तिसरी, सहवासातून ज्ञानाची देवाणघेवाण झाली. शेजाऱ्याचा हात पाहून जे शिकता येते, त्याला शुल्क पडत नाही.

अर्थात, या प्रयोगाची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही. १९६६ मध्ये तो किनारा निर्जन होता, म्हणून जमीन आवाक्यात होती. आज तेथून पूर्व किनारा मार्ग जातो आणि चेन्नई शहर त्या भागापर्यंत पसरले आहे. तेवढी जमीन आज बाटिक विकून घेता येईल, असे कोणीही म्हणणार नाही.

येथेच शासनाची भूमिका सुरू होते. २००५ मध्ये आरंभ झालेल्या 'स्फूर्ती' योजनेत पारंपरिक उद्योगांच्या समूहांसाठी सामायिक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. आपल्याकडे बचत गटांचे जाळेही विस्तृत आहे. मात्र इमारत उभी राहिली, यंत्रे आली, म्हणजे काम संपत नाही. अनुदान संपल्यावर विजेचे बिल कोण भरणार, किल्ली कोणाकडे राहणार आणि नव्या कारागिराला प्रवेश कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे आरंभीच ठरली नाहीत, तर केंद्राला कुलूप लागण्यास वेळ लागत नाही. त्याची झळ सर्वांत आधी घरात जागा नसलेल्या, मजुरी बुडवून कामाला येणाऱ्या स्त्रीला बसते.

म्हणून माझी सूचना अशी, की अशा केंद्राचा कारभार प्रथमपासून कारागिरांच्या गटाकडेच असावा. विक्रीतील ठरावीक हिस्सा देखभाल निधीत जमा व्हावा. आणि मूल्यमापन करताना किती जणांना प्रशिक्षण दिले यापेक्षा पाच वर्षांनंतर किती जण तेथे कामाला येतात, हे मोजावे. चोळमंडलच्या कलावंतांनी जमीन घेण्याआधी एकत्र काम करण्याची सवय लावून घेतली होती. आपल्या योजनांनीही हाच क्रम पाळावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.