घड्याळ आणि नाडी



या व्याख्यानमालेला मी पुष्कळ वर्षे येत आहे, पण तो समोर बसणारा श्रोता म्हणून. व्यासपीठावरून बोलण्याइतके माझे शिक्षण नाही. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही शिकलो ते नगरवाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा विद्वत्तेच्या अपेक्षेने कोणी आले असतील तर त्यांनी मला क्षमा करावी. मी आज एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. कामगाराने दिवसात किती माल काढला हे मोजण्याची साधने आपल्याकडे आहेत. तो माल काढताना त्याच्या हृदयावर किती ताण पडला, हे मोजता येते काय?

सोळाव्या वर्षी मी एका लहान कारखान्यात फ्लायप्रेसवर लागलो. ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मध्ये एक जाड स्क्रू, त्यावर आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला लोखंडी गोळे. दांडा जोराने फिरवला की गोळ्यांच्या वजनाने स्क्रू खाली येतो आणि डायवरचा पत्रा कापला जातो. या यंत्राला वीज लागत नाही. लागते ती शक्ती माणसाच्या खांद्यातून येते.

एके दिवशी मालकांनी स्टॉपवॉचवाले एक गृहस्थ आणले. सकाळची वेळ, हवा थंड. सर्वांत तरणा म्हणून मला यंत्रावर उभे केले. शाबासकीच्या आशेने मी जीव तोडून दांडा ओढला. त्यांनी जो आकडा टिपून घेतला त्यावर पीसरेट बसला, आणि तो सगळ्यांना लागू झाला. माझ्या शेजारच्या प्रेसवर बावन्न वर्षांचे तात्या होते. भर दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, ते माझा सकाळचा आकडा गाठू पाहत. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझी बोटे धरून आपल्या मनगटावर ठेवली आणि म्हणाले, "बघ रे, कशी उडतेय." मला एका शब्दाने बोलले नाहीत. सहा महिन्यांत त्यांनी काम सोडले. त्या कामाने त्यांचे हृदय बिघडले असे मी म्हणत नाही. मी डॉक्टर नव्हे. पण घड्याळाने माझा हात मोजला आणि तात्यांची नाडी कोणीच मोजली नाही, एवढे खरे.

पुढे वाचनालयात शोधू लागलो तेव्हा कळले की ही नाडी मोजणारे लोक जगात होऊन गेले आहेत. लुसियन ब्रुहा नावाचे बेल्जियन शास्त्रज्ञ अमेरिकेत गेले, आणि तेथे त्यांनी कारखान्यांतील कामगारांची नाडी तपासली. १९६० साली त्यांचे उद्योगातील शरीरशास्त्रावरचे पुस्तक निघाले. त्यांची रीत इतकी सोपी की आपल्यापैकी कोणालाही करता येईल. काम थांबले की माणसाला बसवायचे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या तीस सेकंदांत ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. पहिल्या मिनिटाचा आकडा सरासरीने ११० च्या आत असेल, आणि तिसऱ्यापर्यंत तो निदान दहाने उतरत असेल, तर काम झेपते आहे. आकडा चढाच राहिला, उतरेना, आणि दिवस चढेल तसा वाढतच गेला, तर माणूस विश्रांतीची उधारी करून काम करीत आहे असे समजावे.

जर्मनीत डॉर्टमुंड येथील म्युलर यांनी दुसऱ्या बाजूने हाच विचार केला. विश्रांतीच्या नाडीपेक्षा सुमारे तीस ते चाळीस ठोके अधिक, येथवरचे काम पूर्ण पाळीभर चालू शकते, अशी त्यांची मर्यादा. चाळीस ठोके म्हणजे काय? मिनिटाला चाळीस, आठ तासांचे ४८० मिनिटे. एका पाळीत १९,२०० ठोके जादा. या ओव्हरटाइमची नोंद कोणत्याही मस्टरवर नसते.

आता वयाचा हिशेब पाहा. हृदयाची कमाल गती ढोबळमानाने २२० मधून वय वजा केले की मिळते. पंचवीस वर्षांच्या मुलाची १९५, पन्नाशीच्या माणसाची १७०. दोघांची बसल्या नाडी ७५ धरा आणि कामावरची ११५. दोघांचेही ठोके चाळीसनेच वाढले. पण मुलाची शिल्लक १२०, त्यातले चाळीस गेले, म्हणजे एक तृतीयांश. पन्नाशीच्या माणसाची शिल्लक ९५, त्यातून तेच चाळीस म्हणजे शेकडा बेचाळीस. काम तेच, दर तोच, नाडीही तीच; खर्च मात्र वेगळा. माझ्या आकड्यावर तात्यांना का पळवू नये, याचे उत्तर मला या गणितात सापडले.

कोणी म्हणेल, कष्टाने माणूस काटक होतो, कष्टकऱ्याला हृदयविकार कुठला? या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी लपवणार नाही. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की बसून गाडी हाकणाऱ्या बसचालकांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पण २०२१ साली कोपनहेगनच्या एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात असे आढळले की, फुरसतीच्या वेळी व्यायाम करणाऱ्यांना धोका कमी, तर कामावर जड कष्ट करणाऱ्यांना अधिक. यात विरोध वाटतो, पण विचार केला तर उलगडा होऊ शकतो. व्यायाम करणारा दमला की थांबतो. फ्लायप्रेसवरचा माणूस दमल्यावर थांबत नाही, आकडा पुरा झाल्यावर थांबतो.

नाडीला फसवणाऱ्याही गोष्टी आहेत. चहा, तंबाखू, ताप, भीती यांनी ती वाढते. उन्हाने वाढते. पायांपेक्षा हातांनी केलेल्या तेवढ्याच कामाला ती अधिक चढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती दबते, आणि मग आकडा खोटे समाधान देतो. म्हणून एका माणसाची एकदा नाडी धरून निकाल देऊ नये. अनेकांची, अनेक दिवस, सकाळी आणि दुपारी मोजावी.

आज मनगटावर बांधायच्या पट्ट्या आल्या आहेत. माझी धास्ती येथेच सुरू होते. उद्या मालक पट्टी बांधील आणि म्हणेल, "तात्या, तुमची नाडी चढते, तुम्ही घरी बसा." म्हणजे ज्या मापाने माणूस वाचायचा त्याच मापाने त्याची भाकरी जायची! म्हणून आम्ही संघटनेत तीन अटी धरल्या आहेत. माप कामाचे घ्यायचे, माणसाला नापास करण्यासाठी नव्हे. आकडा ज्याच्या नाडीचा, त्याच्या संमतीवाचून तो दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. आणि आकडा चढला तर आधी काम बदलायचे: पंखा, पाण्याचा माठ, दोन प्रेसवर आळीपाळी, तासाला काही मिनिटे बैठक, आणि दर बसवताना तरण्या पोराऐवजी पाळीच्या शेवटी दमलेला मध्यमवयीन माणूस.

बंधुभगिनींनो, तुम्हापैकी काही जण कारखानदार आहात, काही डॉक्टर, काही शिक्षक. घरी गेल्यावर आपल्याच मनगटावर बोटे ठेवा आणि एक मिनिट मोजा. मग विचारा, आपल्याकडे दिवसभर दांडा ओढणाऱ्या माणसाचा आकडा आपल्याला ठाऊक आहे काय? तात्यांच्या मनगटावर माझी बोटे होती, पण तेव्हा मला मोजता येत नव्हते. आता आपल्याला येते. तेव्हा न मोजण्याची सबब उरलेली नाही.