क्लब कुणाचा? तालीम, पेठ आणि फुटबॉल

(अहमदपूर येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फुटबॉलच्या विश्वचषकाचे दिवस आले की कोल्हापूरच्या गल्ल्यांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे ध्वज फडकू लागतात. एकाच आळीतील मुले या दोन दूरदेशींच्या संघांसाठी हिरीरीने वाद घालतात. बाहेरच्या माणसाला हे निव्वळ वेड वाटते. वस्तुतः त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली एक सामाजिक संस्था उभी आहे. ती म्हणजे तालीम.

मराठवाड्याला कोल्हापूरची तालीम ठाऊक आहे ती कुस्तीमुळे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले. राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, हा इतिहासही सर्वश्रुत आहे. परंतु तालीम म्हणजे केवळ तांबड्या मातीचा हौदा नव्हे. ती पेठेची बैठक असते. गणेशोत्सव तिचा, मोहरमचा पंजाही तिचा. बाबूजमाल तालमीत तर हे दोन्ही सण एकाच वेळी आले की एकाच छताखाली साजरे होतात.

संस्थानी काळात कोल्हापुरात फुटबॉल रुजला, तेव्हा या बैठकीने त्याला आपलेसे केले. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, संध्यामठ, शिवाजी तरुण मंडळ ही तेथील संघांची नावे पाहावीत. त्यांत कोणत्याही कारखान्याचे वा कंपनीचे नाव नाही. आहे ते तालमीचे नि मंडळाचे. शाहू स्टेडियमवर सामना असला की मैदानात अकरा खेळाडू उतरतात, पण हरते किंवा जिंकते ती पेठ.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. क्लब ही मालमत्ता आहे की संस्था? मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले. २०१० साली कंपनीने संघ बंद करण्याचा निर्णय घेतला आणि तो संघ इतिहासजमा झाला. कंपनीला तसा अधिकार होता, यात वाद नाही. अशा संघांनी अनेक खेळाडूंना पोटापाण्याचा आधार दिला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु त्या संघावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाला मत नव्हते. तालमीचा संघ एखाद्या वर्षी दुबळा पडतो, खालच्या गटात जातो. पण त्याला एका ठरावाने मोडीत काढणारा मालक नसतो.

मालकीचा प्रश्न सुटला म्हणजे सारे सुटले असे मात्र नाही. दुसरा प्रश्न प्रवेशाचा आहे आणि त्यासाठी ब्राझीलकडे पाहणे उपयुक्त ठरेल. रिओ द जानेरो शहरात १८९८ साली पोर्तुगीज स्थलांतरितांनी वास्को द गामा हा नौकानयनाचा क्लब काढला. पुढे तो फुटबॉलकडे वळला आणि १९२३ साली, वरिष्ठ गटातील पहिल्याच हंगामात, त्याने शहराचे विजेतेपद पटकावले. त्या संघात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि श्रमिक खेळाडू होते. प्रतिष्ठितांच्या क्लबांना हे सहन झाले नाही. १९२४ साली त्यांनी वेगळी संघटना स्थापून वास्कोला अट घातली, की बारा खेळाडूंना काढा, मग प्रवेश मिळेल. क्लबचे अध्यक्ष जोसे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ च्या पत्राने या अटीस नकार कळवला. विजेता संघ त्या संघटनेबाहेर राहिला. खेळाडू मात्र संघातच राहिले. पुढच्याच वर्षी प्रतिष्ठितांना आपले दार उघडावे लागले. क्लबला स्वतःचे मैदान नाही, असा टोमणाही मारला जाई. सभासदांनी व चाहत्यांनी वर्गणी गोळा करून १९२७ साली साओ जानुआरियोचे स्टेडियम उभारले. त्या क्लबची ओळख त्याच्या चषकांपेक्षा त्या नकारात अधिक आहे.

या कथेचा उत्तरार्ध तितकाच बोधप्रद आहे. क्लबांना कंपनीचे रूप घेता यावे असा कायदा ब्राझीलमध्ये २०२१ साली झाला. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या वास्कोने २०२२ साली आपल्या फुटबॉल विभागाचा सत्तर टक्के हिस्सा ७७७ पार्टनर्स या अमेरिकन कंपनीला विकला. ती कंपनीच आर्थिक संकटात सापडली आणि मे २०२४ मध्ये न्यायालयाने तिचे नियंत्रण स्थगित केले. जे प्रतिष्ठितांच्या दडपणाला साधले नव्हते, ते कर्जाने साधले.

कोल्हापूरच्या तालमींनाही या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहिले पाहिजे. स्पर्धांची मोठी बक्षिसे आता राजकीय पुढाऱ्यांच्या आश्रयाने दिली जातात. संघांत पैसे देऊन आणलेले परदेशी खेळाडूही दिसू लागले आहेत. खेळाडूला मोबदला मिळावा, हे न्याय्यच आहे. पण वर्गणीची जागा देणगीने घेतली की निर्णयाची जागाही हळूहळू बदलते. पेठेच्या अभिमानाचे रूपांतर समर्थकांच्या हाणामारीत होते, तेव्हा तालमीने जोडलेली माणसे तीच तोडते. आणि पेठेचा हा अभिमान अद्याप मुलग्यांच्याच सामन्यांभोवती फिरतो. १९०२ साली नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखणाऱ्या राजाच्या नगरीत, दार कोणासाठी उघडे आहे हा प्रश्न गैरलागू ठरत नाही.

अहमदपूरसारख्या गावाला यातून काय घेता येईल? कोल्हापूरची नक्कल करण्याचे कारण नाही. येथेही मैदानावर जमणारी तरुण मुले आहेत. त्यांना गणवेश आणि चेंडू देणारा दाता निवडणुकीच्या आधी सहज सापडतो. निवडणूक सरली की तो दिसत नाही आणि चेंडूही फाटलेला असतो. त्याऐवजी अल्प वर्गणीचे सभासदत्व असावे, दरवर्षी हिशेब सर्वांपुढे वाचला जावा, कोणत्याही वस्तीतील मुलाला व मुलीला प्रवेश असावा आणि मैदानाची जमीन सार्वजनिकच राहावी, यासाठी नगरपालिकेकडे पाठपुरावा व्हावा. कार्यकर्त्याने येथे पंप घेऊन चेंडूत हवा भरावी, वर्गणीची पावती फाडावी. फलकावर स्वतःचे नाव लिहू नये.

संघ हरेल, जिंकेल. तो खेळाचा भाग आहे. तो कोणाला विकता येणार नाही आणि कोणाला त्यातून हाकलता येणार नाही, एवढी तजवीज पहिल्याच सभेत झाली पाहिजे. कर्ज झाल्यावर आणि दाता आल्यावर ती करण्याची वेळ निघून गेलेली असते.